पडद्यापलीकडचा बस्ता

चाचा, काल दुपारी मी तुमच्या जुबेदाच्या लग्नाचं कापड घेऊन तुमच्या घरी गेलो होतो. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी गेलो. तुम्ही असतात तर माझ्याशी अबोला धरला असता. गादीवर शेजारी बसून दिवसभर माझ्याकडे पाहिलंही नसतं, आणि मग चारच्या सुमारास चहा मागवून अर्धा माझ्याकडे सरकवला असता. तसला अबोला मला चालला असता. आताचा हा सोसवत नाही.

दुकानात तसं काही बदललेलं नाही. शेठजी गल्ल्यावर बसतात आणि थंडीला नावं ठेवतात. घाट चढून गाडी स्टेशनात आली की माणसं बाजारात पांगतात, त्यातली काही आपल्या पायरीपाशी येतात. मी "या, बसा" म्हणतो, तागे उलगडतो, घड्या घालतो. बोलून बोलून संध्याकाळी घसा बसतो आणि घरी जाताना लक्षात येतं, की आज आपण कुणाशीच बोललो नाही. गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावर त्याच्याबद्दल जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. कोण कुणावर रुसलं होतं, कोण नुसतंच अंगाला लावून बघायला आलं होतं, कुणाच्या पिशवीत आधीच दुसऱ्या दुकानाची साडी होती, हे सगळं पोटात घेऊन मी घरी जातो. एकदा बायकोला सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "लोकांच्या लुगड्यांचं मला काय करायचंय? माझ्या लुगड्याचं बोला."

मी टाकव्याहून तुमच्या हाताखाली आलो तेव्हा सातवी पास होतो आणि मला त्याची बरीच घमेंड होती. वार मोजता येतो, कातर धरता येते, मग कापडाच्या दुकानात आणखी शिकायचं ते काय, असं मला वाटे. तुम्ही पहिल्या दिवशी मला काहीच शिकवलं नाहीत. नुसतं खाली बसवलंत. म्हणालात, "गिऱ्हाईक बसलंय आणि तू उभा, म्हंजे तू त्याला वाटेला लावतोयस." संध्याकाळपर्यंत मांडी घालून माझे गुडघे धरले. मनात म्हटलं, हा म्हातारा मला पळवून लावायला बघतोय. तेव्हा तुम्ही म्हातारे नव्हतात. मला मात्र तसे वाटलात.

आपल्या गादीवरची पांढरी चादर बघून खेड्यातली माणसं पायरीवरच थबकायची. पाय धुळीचे, वर कसं यावं, असं होऊन जायचं त्यांना. मी त्यांच्या पायांकडे बघायचो. तुम्ही तोंडाकडे बघायचात. "आबा, वर या. चादर धुवायलाच असती," म्हणत तुम्ही हाताला धरून वर घ्यायचात. शेठजींच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण तुम्हाला ते बोलत नसत. तो आबा वर आला की एकटा कधीच परत येत नसे. पुढच्या खेपेला अख्खं घर घेऊन यायचा.

तुमची खरी शाळा भरायची ती पावसाळ्यात. लोणावळ्याचं धुकं सरळ दारातून आत येऊन फळ्यांवर बसायचं, गिऱ्हाईक नसायचं, आणि कापडाला वास लागू नये म्हणून आपण शेगड्या पेटवून एकेक तागा उलगडून शेकत बसायचो. धुरानं डोळे चुरचुरायचे. त्या धुरात तुम्ही मला माणसं शिकवलीत. माणसाचं नाव लक्षात ठेव, पण आधी गाव विचार, कारण खेड्यातल्या माणसाला एकदम नावानं हाक मारली तर तो दचकतो, आणि गावाचं विचारलं तर ऐसपैस बसतो. शेठजींना काही सांगायचं असेल तर जेवण झाल्यावर सांग, पूजा झाल्यावर नको. खंडाळ्याच्या बंगल्यातला स्वयंपाकी आला तर त्याच्या साहेबाची चौकशी करू नकोस, त्याच्या मुलांची कर. बरोबरच्या माणसाची चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, गिऱ्हाईक गेल्या गेल्याही बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी बोलायचं. हा शेवटचा धडा तुम्ही माझ्यावरच गिरवलात. एक वेळ सोडली तर माझ्या चुकांना रात्रभराची मुदत मिळाली नाही असं तुमच्याकडून कधी झालं नाही, आणि ते मला आता फार जाणवतं. परवा शेठजी मला सगळ्यांदेखत बोलले.

टाकव्याच्या मंडळींचा तो बस्ता तर तुम्हाला आठवत असणारच. शुक्रवार होता, तुम्ही नमाजाला गेला होतात. कान्ह्याच्या स्टेशनावरून गाडीनं सगळं लग्नघर एकदम आलं, नवऱ्याकडचे, नवरीकडचे, लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत बांधून न्यायला. माझ्याच गावची माणसं म्हणून मी खुशीत होतो. तुम्ही यायच्या आत बस्ता बांधून मोकळा होतो की नाही बघा, असं मनाशी ठरवून मी वरमाईसमोर तागे टाकत सुटलो, कारण सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता. नवरीची आत्या खांबाला टेकून एका बाजूला बसली होती. तिला मी आपलं वाटेत विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला कसलं दाखवू?" ती म्हणाली, "काय बी चालंल." मी म्हटलं, चला, एक माणूस तरी सोपं निघालं, आणि हाताला लागलेलं एक लुगडं तिच्या नावानं बाजूला टाकलं.

थोड्या वेळानं आत्याबाई उठल्या. "मी जरा भाईर बसती," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. त्यांच्या मागं नवरीचा बाप उठला. त्याच्या मागं भाऊबंद उठले. कुणीतरी म्हणालं, "चला, वडगावलाच बघू," आणि बघता बघता गादीवर उलगडलेल्या ढिगात मी आणि वरमाई एवढेच उरलो. आपल्या मावळात जो "काय बी चालंल" म्हणतो त्याला काहीही चालणार नसतं, हे टाकव्यात जन्मलेल्या मला कळायला हवं होतं.

तेवढ्यात तुम्ही मशिदीकडून आलात. काय झालं ते तुम्ही मला विचारलं नाहीत. रस्त्यातली माणसं आणि माझं तोंड बघून तुम्हाला समजलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेतलात आणि सरळ आत्याबाईंपुढे धरलात. "आत्याबाई, पानी पिऊन जावा. लगीनघरचं मानूस कोरड्या तोंडानं पायरी उतरून गेलं, तर मला रातभर झोप न्हाई लागायची." बाई पाणी पिण्यासाठी पायरीवर टेकल्या. तुम्ही त्यांच्याजवळ बसलात, त्यांच्या गावची भातं कशी आहेत ते विचारलंत, भावाच्या घरी किती दिवसांनी आलात ते विचारलंत. मग आतून एक बारीक काठाचं इरकली लुगडं आणून काही न बोलता त्यांच्या मांडीवर ठेवलंत. आत्याबाई त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. वडगावला कुणीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवताना तुम्ही मला म्हणालात, "काय पाहिजे, असं कधी इचारायचं न्हाई. बघायचं. डोळा कुठं थांबतो, बोट कुठल्या काठाला लागतं, कुठलं कापड बाजूला सारताना हात जड होतो, ते बघायचं. तोंडानं मानूस खोटं बोलतं. भीडंनं बोलतं, रुसून बोलतं, चारचौघात बरं दिसावं म्हणून बोलतं." मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. मला वाटत होतं, आत्याबाईंना मी विचारलं ते चुकलं नाही, नीट विचारलं नाही ते चुकलं. इथून आपला वाद सुरू झाला आणि तो तुम्ही गेलात तरी मिटलेला नाही.

तुम्हाला रेल्वेतल्या त्या गार्डाची बायको आठवते? नवी सून, सासूबरोबर आली होती. सासू समोर, सून मागे. मी तुमची शिकवण बाजूला ठेवली आणि मुद्दाम सुनेकडे वळून विचारलं, "वहिनी, तुम्हाला कुठलं आवडलं?" तिनं क्षणभर विचार केला आणि एका गुलाबी चंदेरीवर बोट ठेवलं. सासूनं ती साडी उचलून माझ्या अंगावर टाकल्यासारखी परत केली. "हिला आवडलं म्हणजे झालंच," म्हणाली. दोघी काहीच न घेता गेल्या. सून पायऱ्या उतरताना मान वर करत नव्हती.

त्या वेळी तुम्ही दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाहीत. एवढं चिडलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "तू तिला उघडं पाडलंस. आता ती घरी गेली की तिला रोज ऐकावं लागंल, तुला गुलाबी पायजे व्हतं न्हाई का! तिची आवड तिच्याकडं झाकून व्हती, ती तू चारचौघांत वढून काढलीस." मीही तापलो होतो. म्हटलं, "मग तिनं कधी बोलायचंच नाही का?"

"बोलंल. सासू नसताना."

"आणि तोवर?"

"तोवर आपण बघायचं."

याचा मला राग आला. पुढं कितीतरी वर्षं मी उत्तरं शोधत राहिलो. कधी गिऱ्हाईक गेल्यावर, कधी जेवणाच्या डब्यावर, कधी स्टेशनापर्यंत बरोबर चालताना, मी नवं काही सुचलं की तुमच्यापुढं मांडायचो आणि तुम्ही हसून म्हणायचात, "वकील व्हायचं सोडून हितं कशाला आलास, गणपतराव?" एरवी गणपत, वादाच्या वेळी गणपतराव.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, आज सांगतो. काही वर्षांपूर्वी माझं कामात लक्ष नव्हतं. तागा एक मागायचात, मी दुसराच काढायचो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, चार दिवस पाहिलंत, आणि एका सकाळी मी आलो तर तुमचा लोड सरकवलेला होता. गादीवर पुढची जागा, दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा जिथं पडते ती, माझ्यासाठी मोकळी होती. शेठजींशी तुम्ही आधीच बोलून ठेवलं होतं. "बस," एवढंच म्हणालात. सगळ्या बाजारानं मला शाबासकी दिली, आमचे आबा टाकव्याहून मुद्दाम ती जागा बघायला आले आणि पायरीवर बसून बराच वेळ नुसते बघत राहिले.

चाचा, मला ती जागा नको होती. मला पुण्याला जायचं होतं. तिथल्या एका मोठ्या दुकानातून मला बोलावणं होतं आणि ते तुम्हाला कसं सांगावं या चिंतेत माझे तागे चुकत होते. तुम्ही माझं तोंड वाचलंत. अस्वस्थ आहे हे बरोबर वाचलंत, कशासाठी ते चुकीचं वाचलंत. एकदा तोंडानं विचारलं असतंत, "गणपत, काय पाहिजे तुला?" तर मी सांगितलं असतं. पण तुम्ही विचारणारे नव्हतात, आणि तुम्ही सरकून दिलेल्या जागेवरून उठून जाण्याइतका मी दगड नव्हतो. मी बसलो. तुमच्या शेजारी बसलो त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही जिवंत असताना तर मुळीच वाटत नव्हतं. आता शेजार रिकामा झाल्यावर कधी कधी पुणं आठवतं, एवढंच.

जुबेदाचं लग्न ठरलं तेव्हा मला तुमच्याहून जास्त घाई झाली होती. लढाई सुरू झाल्यामुळे पुढं माल येतो की नाही, असं बाजारात बोलत होते. मी म्हटलं, "चाचा, बस्ता आत्ताच बांधून ठेवू. तुम्ही गिऱ्हाइकासारखे समोर बसायचं, मी दाखवणार." तुम्ही म्हणालात, "तळेगावला घेईन." मला वाटलं थट्टा करताय. पुन्हा विचारलं तर म्हणालात, आपल्या दुकानात माल बरा नसतो. तिसऱ्यांदा विचारलं तर शेठजी भिडेखातर काहीतरी सोडतील आणि मला ते नको, असं म्हणालात. तेही खरं कारण नव्हतं. मी मागेच लागलो तेव्हा एक दिवस घडी घालता घालता मान खाली ठेवून बोललात, "मी समोर बसलो की तू माझं तोंड बघशील. मीच शिकवलंय तुला. मला माझं तोंड वाचून घ्यायचं न्हाई."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. मग मीही थांबलो आणि तो विषय तिथंच राहिला.

त्यानंतर तुमचा खोकला वाढला. तुम्ही दुकानात येईनासे झालात. मी संध्याकाळी घरी यायचो, खाटेशी बसायचो, बाजारातल्या गमती सांगायचो. एकदा निघताना म्हटलं, "उद्या येताना काय आणू?" तुम्ही म्हणालात, "काय बी चालंल."

म्हटलंत आणि तुमच्याही लक्षात आलं. तुम्ही भिंतीकडे बघितलंत. मी पुन्हा खाली बसलो. इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडून निघालेल्या त्या शब्दांमागचं दुखणं ओळखायला तुम्ही मला शिकवलं होतं. दुखतंय हे मला कळलं. काय दुखतंय ते कळलं नाही. तुमच्या तोंडाकडे बघितलं, अगदी तुमच्याच नजरेनं बघितलं, पण तिथं मला काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी संत्री आणली. ती तुम्ही शेजारच्या पोरांना वाटून टाकलीत, असं मला चाचींनी सांगितलं.

निरोप आला तेव्हा माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं. मी त्याची क्षमा मागितली, उलगडलेलं कापड घडी घालून फळीवर ठेवलं, आणि मग निघालो. घडी कशाला घालत बसलास, असं नंतर शेठजी म्हणाले. पण उलगडलेलं कापड टाकून उठलेलं तुम्हाला आवडलं नसतं. तुम्हाला काय आवडत नसे ते मला पुष्कळ माहीत आहे. मी खांदा दिला, माती दिली, आणि घरी आल्यावर ओसरीवर बसून राहिलो.

परवा चाचींचे भाऊ दुकानात आले. लग्न पुढं ढकलायचं नाही, तुमचा चाळीसावा दिवस झाला की साधेपणानं निकाह लावायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलंय. ते म्हणाले, "भैन नवऱ्याच्या सुतकात, इद्दतीत बसलीया. तिला उंबरा वलांडता येत न्हाई, तळेगाव तर लांबच. ती म्हनती, गणपतभाऊलाच गठ्ठा घिऊन यायला सांगा."

मी लगेच हो म्हटलं नाही. तुमचा नकार मला जसाच्या तसा आठवत होता. पण समोर बसायला नको होतं ते तुम्हाला, आणि उंबऱ्याच्या आत अडकल्या होत्या त्या चाची. शेठजींना विचारलं तर ते म्हणाले, "जे पाहिजे ते ने." मी फळ्यांवरून एकेक तागा, एकेक साडी काढत होतो आणि प्रत्येकीला हात लावताना तुम्ही काय म्हणाला असता याचा अंदाज घेत होतो. शेवटी अंदाज लागेना म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट माल बांधला आणि हमालाच्या डोक्यावर देऊन निघालो.

तुमच्या पुढच्या खोलीच्या आणि माजघराच्या मधे पडदा लावला होता. इद्दतीत परक्या पुरुषासमोर यायचं नाही हे मला ठाऊक होतं, तरी तो पडदा बघून मला कसंसंच झालं. दर ईदला याच खोलीत चाचींनी मला शीरखुर्मा वाढलाय आणि वाटीत उरवला म्हणून रागावल्यात. काल नुसता आवाज आला, "आलात का, गणपतभाऊ? बसा." मी चटईवर गठ्ठा सोडला. जुबेदाची खाला, म्हणजे मावशी, तेवढी बाहेर होती. ती माझ्याकडून कापड घ्यायची आणि पडद्याआड न्यायची.

मला उभ्या आयुष्यात असं कापड दाखवायची वेळ आली नव्हती. ना तोंड दिसतं, ना डोळे, ना बोटं. तुम्ही शिकवलेलं सगळं पडद्यापाशी येऊन थांबत होतं. नवरदेवाचं कापड झालं, मानपानाच्या साड्या झाल्या. खाला आत जाऊन येई आणि हे हो म्हणाल्या, हे नको म्हणाल्या, एवढं सांगे. शेवटी राहिली ती बापाच्या घरची साडी, जी नेसून जुबेदा सासरी जायची.

आतून चाचींनी विचारलं, "ह्यांनी तुमास्नी काई सांगून ठेवलं हुतं का, पोरीला कंची घ्यायची?"

"नाही, चाची."

"मलाबी न्हाई." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमी रोज त्यांच्या शेजारी बसायचा. तुमीच सांगा, त्यांना कंची आवडली असती?"

चाचा, मला सांगता आलं नाही. तुम्ही चहात साखर किती घ्यायचात ते मला ठाऊक आहे. पाऊस येणार असला की तुमचा कुठला गुडघा दुखायचा ते ठाऊक आहे. पण इतक्या साड्या तुम्ही माझ्यासमोर उलगडल्यात, त्यातली एक तरी तुम्ही स्वतः डोळे भरून पाहिलीत का, हे मी कितीही आठवलं तरी आठवेना. साडी उलगडताना तुमची नजर कापडावर कधी नसायचीच. ती समोरच्या माणसावर असायची. मी म्हटलं, "चाची, मला माहीत नाही." पडद्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही तुमची दोन माणसं बसलो होतो, आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं.

खाला म्हणाली, हिरवी घ्या, हिरवी बरी दिसते. चाची म्हणाल्या, जांभळी टिकेल. खाला म्हणाली, टिकायला काय, रोज नेसायची आहे का? अशी बरीच बोलाचाली झाली. ज्या मुलीनं ती नेसायची ती आत बसलेली होती आणि तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. बघायला तर काहीच नव्हतं. मग मी तुमची शिकवण मोडली. मी पडद्याकडे तोंड करून म्हटलं, "जुबेदा, तुला कुठली आवडली?"

गार्डाची ती बायको पायऱ्या उतरताना मला दिसली. वाटलं, पुन्हा तेच केलंस, बापाच्या माघारी पोरीला उघडं पाडलंस. उठावं आणि गठ्ठा बांधावा असं वाटायला लागलं.

मग जुबेदा म्हणाली, "यातली एकबी न्हाई आवडली."

खाला "अगं बाई" म्हणाली. जुबेदाचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "मला आबोली पायजे. दुकानात हाय का, भाई?"

मी म्हटलं, आहे. होतीच, वरच्या फळीवर. एवढ्या गठ्ठ्यात मी ती घातली नव्हती, कारण ती मला सुचलीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही सुचली नसती. गठ्ठ्यात नसलेल्या साडीवर कुणाचा डोळा कसा थांबणार? खाला तिला गप्प करायला गेली. "आसं लगनाच्या पोरीनं बोलू न्हाई," म्हणाली. तेव्हा चाची म्हणाल्या, "बोलू दे तिला."

आणि मग त्या मला म्हणाल्या, मलाच की आणखी कुणाला ते समजलं नाही, कारण तोंड दिसत नव्हतं: "लगीन झाल्यापास्नं ह्यांनी मला कदी इचारलं न्हाई, काय आनू म्हनून. आनलं ते मनासारखंच आनलं. कदी चुकलं न्हाई. पन मला लय वाटायचं, येकदा इचारावं."

मी मान खाली घातली. पडद्याआडून ते दिसणार नव्हतं, तरी घातली. मग उठून दुकानात गेलो, शिडी लावून अबोली साडी काढली आणि परत येऊन खालाच्या हातात दिली. आत ती उलगडल्याचा आवाज ऐकू आला. मी उरलेला गठ्ठा बांधला.

परत येताना मी ठरवत होतो, की हे तुम्हाला कसं सांगायचं. आपला वाद मी जिंकलो, हे कुठून सुरू करायचं, तुम्ही मधे काय बोलाल, मी काय उत्तर द्यायचं. तुम्ही म्हणाला असतात, "चुकलो का मी कधी? तुझी चाचीच सांगती, चुकलो न्हाई." आणि मला ते मान्य करावं लागलं असतं. तुम्ही कुणालाच चुकीचं काही दिलं नाहीत. पुण्याची गोष्ट सोडली तर मलाही नाही. सगळ्यांचं ओळखून सगळ्यांना देत राहिलात, आणि न विचारता मिळण्याची सवय आम्हा सगळ्यांना अशी लावलीत, की तुम्हालाही कुणी विचारायला नको असं आम्ही धरून चाललो. तुम्ही तोंड वाचू दिलं नाहीत, आम्ही तोंडानं नीट विचारलं नाही. मी संत्री आणली.

दुकानाशी आलो तर संध्याकाळची गाडी येऊन गेली होती आणि पायरीवर कुणी नव्हतं. शेठजींनी बस्ता झाला का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. गादीवर बसलो आणि सवयीनं शेजारी वळलो, जिंकल्याचं सांगायला. आता सांगण्यात काही उरलेलं नाही. एक विचारायचं तेवढं आहे. तुम्ही रागवाल, तरी विचारतो. चाचा, तुम्हाला काय पाहिजे होतं?